नव्या घराच्या खरेदीत खरेदीदाराचा प्रतिनिधी : मुंबईच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१९१५ ते २०२४)

प्रस्तावना

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळात घर ही प्रामुख्याने बांधण्याची गोष्ट होती. स्वतःचे घर बांधणाऱ्या गृहस्थाला कष्ट आणि खर्च यांची झळ सोसावी लागे. परंतु गवंडी, सुतार, पाथरवट ही सर्व त्याने स्वतः नेमलेली माणसे असत. पाया किती खोल गेला, चुना किती मुरला, लाकूड कोणते वापरले, हे तो उभा राहून पाहू शकत असे. विसाव्या शतकात शहरी मध्यमवर्गासाठी घर ही विकत घेण्याची वस्तू झाली. या स्थित्यंतराची चर्चा बहुधा जागेची टंचाई, किमती आणि कर्जव्यवस्था या अंगांनी केली जाते. त्यात एक महत्त्वाचा बदल दुर्लक्षित राहतो. घर बांधणाऱ्याची माणसे त्याची स्वतःची होती. घर विकत घेणाऱ्याच्या भोवतालची सर्व माणसे दुसऱ्या पक्षाची झाली.

नव्या इमारतीतील सदनिकेच्या विक्रीत बांधकाम व्यावसायिकाच्या बाजूने वास्तुविशारद, अभियंता, सॉलिसिटर, सनदी लेखापाल, विक्री अधिकारी आणि दलाल उभे असतात. खरेदीदाराच्या बाजूने बहुतेक वेळा खरेदीदार एकटाच असतो. एका पक्षाने असे व्यवहार शेकडो वेळा केलेले असतात, तर दुसरा पक्ष तो आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करतो. अशा विषम व्यवहारात खरेदीदाराची बाजू इतिहासात कोणी सांभाळली आणि ज्या काळात ती कोणीच सांभाळली नाही, त्या काळात कायद्याने तिच्या बदली काय दिले, या प्रश्नांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे 'खरेदीदाराचा प्रतिनिधी' म्हणजे जो खरेदीदाराशी कराराने बांधलेला आहे आणि व्यवहारात केवळ त्याचेच हित पाहतो असा मध्यस्थ, ही व्याख्या गृहीत धरली आहे. अभ्यासाचे क्षेत्र मुख्यतः मुंबई आहे. ज्या देशात असा प्रतिनिधी हा स्वतंत्र व्यवसाय बनला, त्या अमेरिकेतील अनुभव तुलनेसाठी घेतला आहे.

१. प्रतिनिधित्वाची कायदेशीर संकल्पना

प्रतिनिधी अथवा अभिकर्ता ही संकल्पना आपल्याकडे नवी नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १८२ नुसार दुसऱ्यासाठी कोणतेही कृत्य करण्यास किंवा तिसऱ्या पक्षाशी होणाऱ्या व्यवहारात दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करण्यास नेमलेली व्यक्ती म्हणजे अभिकर्ता. त्याने योग्य कौशल्याने काम करावे, हिशेब द्यावा, अडचणीच्या प्रसंगी आपल्याला नेमणाऱ्याशी संपर्क साधून त्याची सूचना घ्यावी, ही कर्तव्ये कलम २१२ ते २१४ मध्ये सांगितली आहेत. कलम २१५ आणि २१६ यांचे महत्त्व त्याहून अधिक आहे. नेमणाऱ्याच्या कामात अभिकर्त्याने त्याच्या संमतीशिवाय स्वतःच्या फायद्याचा व्यवहार केला, तर काही परिस्थितीत तो व्यवहार नाकारण्याचा आणि त्यातून मिळालेल्या लाभावर हक्क सांगण्याचा अधिकार नेमणाऱ्याला दिलेला आहे. एकाच माणसाने दोन्ही डगरींवर हात ठेवू नये, हे तत्त्व अशा रीतीने १८७२ पासून कायद्यात आहे.

तथापि, या तत्त्वाचा लाभ ज्याने अभिकर्ता नेमला त्यालाच मिळतो. घर दाखवणारा माणूस खरेदीदाराने नेमलेला नसेल, तर त्याने खरेदीदाराशी कितीही आपुलकीने बोलणे केले तरी ही कर्तव्ये खरेदीदाराच्या बाजूने लागू होत नाहीत. घरबाजाराचा पुढील इतिहास या एका मुद्द्याभोवती फिरतो.

२. सहकारी गृहनिर्माण : सामूहिक प्रतिनिधी

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतील दाट वस्तीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८९८ मध्ये नगर सुधारणा न्यासाची (सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापना झाली. रस्ते रुंद झाले, नव्या वसाहतींसाठी भूखंड आखले गेले. मात्र नोकरदार मध्यमवर्गाला स्वतःच्या बळावर भूखंड घेऊन इमारत उभी करणे शक्य नव्हते. १९०४ चा सहकारी कायदा पतसंस्थांपुरता मर्यादित होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांचाही मार्ग खुला केला. या पार्श्वभूमीवर १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे या चळवळीचे अध्वर्यू होते.

या संस्थांकडे आपण सहसा स्वस्त घरांचा प्रयोग म्हणून पाहतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळे आहे. येथे आधी संस्था स्थापन होत असे आणि मग इमारत उभी राहत असे. जमीन घेणे, वास्तुविशारद नेमणे, कंत्राटदाराशी दर ठरवणे, कामावर देखरेख ठेवणे, ही सर्व कामे सभासदांनी निवडलेली समिती करीत असे. ज्यांना त्या घरात राहायचे होते, त्यांनीच हे व्यवहार करणारी माणसे नेमली होती. घर घेणाऱ्या प्रत्येकाला वेगळा प्रतिनिधी ठेवणे परवडत नव्हते. सर्वांनी मिळून संस्थेच्या रूपाने एक प्रतिनिधी उभा केला.

या व्यवस्थेच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. प्रारंभीच्या अनेक संस्था एकेका ज्ञातीच्या किंवा समाजाच्या होत्या. परस्परांवरील विश्वास हे त्यांचे भांडवल होते, आणि तो विश्वास ज्ञातीच्या उंबरठ्यापाशीच थांबत असे. गिरणगावातील कामगार या परिघाच्या बाहेर राहिला. इमारत पूर्ण होण्यास काळ लागे, समितीवरील माणसांना पदरमोड करून वेळ द्यावा लागे. तरीही घर घेणाऱ्याची बाजू त्याच्याच माणसांनी सांभाळली, अशी मुंबईच्या इतिहासातील ही पहिली संघटित व्यवस्था होती, असे म्हणता येते.

३. ओनरशिप फ्लॅटचा उदय आणि १९६३ चा अधिनियम

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जोडली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. त्याच वेळी भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे भांडवलदाराला आतबट्ट्याचे झाले. फाळणीनंतरच्या स्थलांतराने मागणी वाढली. भाड्याच्या जागांसाठी पागडी फोफावली आणि नव्या इमारतींत 'ओनरशिप' पद्धतीने सदनिका विकण्याचा मार्ग रूढ झाला.

या पद्धतीने सहकारी गृहनिर्माणाचा क्रम उलटा केला. पूर्वी संस्था आधी व इमारत नंतर असे. आता बिल्डर आधी इमारत बांधणार, सदनिका विकणार आणि सर्वांत शेवटी त्या खरेदीदारांची संस्था स्थापन होणार. 'सोसायटी' हा शब्द तोच राहिला, परंतु तिचे कार्य बदलले. जमीन, आराखडा, दर आणि कंत्राट यांविषयी निर्णय घेणारी संस्था आता झालेल्या व्यवहाराचा ताबा घेणारी संस्था झाली. करारावर सही करण्याच्या क्षणी खरेदीदाराचा सामूहिक प्रतिनिधी अस्तित्वातच नसे.

याचे परिणाम लवकरच दिसू लागले. २० मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर अवघ्या वीस दिवसांत, शासनाने सदनिकांच्या बांधकाम, विक्री, व्यवस्थापन व हस्तांतरणातील गैरप्रकारांचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्ये सादर झाला आणि त्यातून महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा १९६३ चा अधिनियम, म्हणजेच व्यवहारातील 'मोफा', आकाराला आला. गैरप्रकार वाढत आहेत, हे त्याच्या उद्देशिकेतच नमूद आहे.

या अधिनियमाने प्रवर्तकावर घातलेली बंधने त्या काळाच्या मानाने दूरदर्शी होती. जमिनीवरील हक्काचे पूर्ण व खरे प्रकटीकरण करावे. तो हक्क सॉलिसिटरने किंवा किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलाने प्रमाणित केलेला असावा. त्याची नोंद मिळकत पत्रिकेवर अथवा गाव नमुना सहा किंवा सात व बारा यांवर असावी. मंजूर आराखडे पाहू द्यावेत. ताबा देण्याची तारीख लेखी द्यावी, असे कलम ३ सांगते. कलम ४ नुसार लेखी करार करून त्याची नोंदणी करावी आणि करारापूर्वी विक्री किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये. कलम ५ प्रमाणे आगाऊ रकमेचे स्वतंत्र खाते ठेवावे. कलम १० व ११ नुसार खरेदीदारांची संस्था स्थापन करून तिच्या नावे अभिहस्तांतरण करून द्यावे. १९६४ च्या नियमांनी त्यासाठी, वेगळी मुदत ठरली नसल्यास, चार महिन्यांची मुदत दिली.

या सर्व तरतुदींचे एक सूत्र आहे. खरेदीदाराला कागद पाहण्याचा हक्क मिळाला. तो कागद त्याच्या वतीने वाचणारा माणूस मिळाला नाही. हक्काचे प्रमाणपत्र देणारा वकील प्रवर्तकानेच नेमलेला असे. कायद्याने गृहीत धरलेला खरेदीदार हा सातबारा, आराखडा आणि कराराचा मसुदा स्वतः वाचून त्यातील उणीव ओळखणारा होता. प्रत्यक्षातील खरेदीदार हा बँकेत, शाळेत किंवा मंत्रालयात नोकरी करणारा, बचत पणाला लावलेला गृहस्थ होता. अभिहस्तांतरणाच्या तरतुदीचे भवितव्य या संदर्भात बोलके आहे. चार महिन्यांत व्हावयाचे काम असंख्य संस्थांच्या बाबतीत अनेक दशके रखडले आणि अखेर २००८ मध्ये 'मानीव अभिहस्तांतरणा'ची दुरुस्ती करावी लागली.

४. दलाल, सॉलिसिटर आणि कर्ज देणारी संस्था

मग खरेदीदाराने विसंबावे कोणावर? व्यवहारात तीन व्यक्ती किंवा संस्था त्याला आपल्या बाजूच्या वाटत आल्या आहेत. त्यांचे स्थान तपासणे आवश्यक आहे.

पहिला दलाल. मुंबईच्या व्यापारी जीवनात दलाली हा जुना आणि प्रतिष्ठित धंदा होता. शेअर दलालांनी १८७५ मध्येच आपली संघटना स्थापन करून व्यवहाराला नियमांची चौकट दिली. घरांच्या दलालाला मात्र कायद्याने सक्तीची नोंदणी लागू होण्यास २०१७ हे वर्ष उजाडले. जुन्या घराच्या व्यवहारात दलाल दोन्ही पक्षांकडून दलाली घेतो, हे सर्वांना माहीत असते. नव्या इमारतीत त्याची दलाली सामान्यतः बिल्डर देतो आणि म्हणून खरेदीदाराला त्याची सेवा फुकट वाटते. अलीकडे या दलालाला 'चॅनेल पार्टनर' असे नाव मिळाले आहे. हे नाव त्याच्या जुन्या नावापेक्षा अधिक प्रामाणिक आहे, कारण भागीदारी कोणाशी आहे हे त्यातून उघड होते.

दुसरा सॉलिसिटर. मुंबईत मिळकतीचा हक्क तपासण्याची परंपरा इंग्रजी पद्धतीवर घडली. तिच्यात विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा वकील वेगळा असणे अभिप्रेत होते. घेणाऱ्याच्या वकिलाने निबंधक कार्यालयात शोध घ्यावा, प्रश्न विचारावेत, उत्तरे मागावीत, ही रीत होती. सदनिकांच्या व्यवहारात एका इमारतीचे पन्नास किंवा शंभर खरेदीदार असतात आणि करार छापील असतो. हक्काचे एकच प्रमाणपत्र सर्वांना दाखवले जाते. प्रत्येकाने स्वतःचा वकील लावणे अनाठायी खर्चाचे वाटू लागले आणि घेणाऱ्याचा वकील हळूहळू व्यवहारातून बाहेर पडला.

तिसरी कर्ज देणारी संस्था. १९७७ मध्ये गृहकर्जासाठी एच.डी.एफ.सी. स्थापन झाली आणि पुढे बँकाही या क्षेत्रात उतरल्या. 'बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागदपत्रे चोख असली पाहिजेत' हा समज घरोघरी रुजला. कर्ज देणारी संस्था वकिलाकडून व मूल्यनिर्धारकाकडून तपासणी करून घेते, हे खरे आहे. परंतु ती तपासणी तिच्या स्वतःच्या तारणासाठी असते. ताबा तीन वर्षे लांबला तरी कर्जदाराकडून हप्ता येत राहिला, तर संस्थेचे फारसे बिघडत नाही. खरेदीदाराला मात्र एकीकडे भाडे आणि दुसरीकडे हप्ता असा दुहेरी भार सोसावा लागतो. एका टप्प्यापर्यंत दोघांचे हित एक असते आणि त्यानंतर वाटा वेगळ्या होतात.

तात्पर्य, तिघांपैकी कोणीही वाईट हेतूने वागत नसतानाही खरेदीदार प्रतिनिधीविना राहतो. तो प्रश्न व्यक्तींच्या सचोटीचा नसून नेमणुकीचा आणि मोबदल्याचा आहे. ही अडचण मुंबईपुरती मर्यादित नव्हती. ज्या देशात घरबाजार याहून अधिक संघटित होता, तेथेही ती उद्भवली आणि तेथे तिला निराळे उत्तर शोधण्यात आले.

५. अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेतील स्थावर मिळकतीच्या दलालांची राष्ट्रीय संघटना १९०८ मध्ये शिकागो येथे स्थापन झाली. विक्रीस असलेल्या घरांची माहिती सामायिक यादीत ठेवण्याची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. घर यादीत लावणारा दलाल आपल्या दलालीतील हिस्सा गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाला देऊ करी. या व्यवस्थेत गिऱ्हाईक आणणारा दलालही विक्रेत्याचा उपअभिकर्ता मानला जात असे. ज्या दलालाच्या गाडीतून खरेदीदार आठवडेच्या आठवडे घरे पाहत हिंडे, त्याला तो विश्वासाने आपली कमाल ऐपत सांगे, आणि ती गोष्ट विक्रेत्याला कळवणे हे त्या दलालाचे कर्तव्य ठरे. तेथील संघीय व्यापार आयोगाच्या १९८३ मधील अहवालात असे आढळले की, बहुसंख्य खरेदीदारांना हा दलाल आपलाच प्रतिनिधी वाटत होता. त्यानंतर अनेक राज्यांनी 'मी कोणाच्या बाजूचा' हे दलालाने लेखी सांगण्याचे बंधन घातले आणि १९९० च्या दशकात खरेदीदाराचा अभिकर्ता ही स्वतंत्र भूमिका मान्यता पावली.

नव्या घरांच्या बाबतीत तेथेही प्रश्न अधिक बिकट होता. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळील लेव्हिटाउन येथे १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांहून अधिक घरे एका साच्यात बांधून विकण्यात आली. मोटार विकावी तसे घर विकण्याचे हे युग होते. परंतु मोटार घेणाऱ्याला मिळणारे संरक्षण घर घेणाऱ्याला नव्हते. 'घेणाऱ्याने सावध राहावे' हे जुने तत्त्व त्याला लागू होते. १९६५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने लेव्हिट कंपनीविरुद्धच्या खटल्यात आणि १९६८ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात हे तत्त्व नव्या घरांच्या बाबतीत नाकारले. घर राहण्यायोग्य असल्याची हमी विक्रीतच अनुस्यूत असते, असे मानले जाऊ लागले.

तरीही विक्री कार्यालयात स्वागत करणारा प्रतिनिधी बिल्डरचाच राहिला. म्हणून तेथील खरेदीदार पहिल्याच भेटीत आपला अभिकर्ता बरोबर नेतो. पहिल्या भेटीत त्याची नोंद झाली नाही, तर बिल्डर त्याचा मोबदला देण्यास नकार देऊ शकतो, अशी प्रथा आहे. या प्रथेतच व्यवस्थेचे वैगुण्य दडलेले आहे. अभिकर्ता खरेदीदाराचा आणि पैसे बिल्डरचे, अशी ही रचना झाली. शिवाय मोबदला किमतीच्या टक्केवारीत असल्याने किंमत कमी करून घेण्यात अभिकर्त्याचा स्वतःचा लाभ नव्हता. विक्रेत्याने खरेदीदाराच्या अभिकर्त्याचे पैसे द्यावेत या रूढीविरुद्ध, जुन्या घरांच्या विक्रेत्यांनी दाखल केलेल्या खटल्यात ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी मिसूरी येथील ज्यूरीने दलालांच्या संघटनेविरुद्ध सुमारे १७८ कोटी डॉलरचा निर्णय दिला. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराला घर दाखवण्यापूर्वी त्याच्याशी मोबदल्यासह लेखी करार करणे सामायिक यादीतील दलालांना बंधनकारक झाले. प्रतिनिधी असे नाव दिल्याने प्रतिनिधित्व सिद्ध होत नाही, मोबदल्याचा प्रश्न शेवटी सोडवावाच लागतो, हा या चार दशकांचा धडा आहे.

६. ग्राहक चळवळ ते स्थावर संपदा अधिनियम

भारतात या प्रश्नाला दलालीच्या व्यवसायातून उत्तर आले नाही. ते ग्राहक चळवळीतून आणि न्यायालयांतून आले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात १९९३ मध्ये दुरुस्ती होऊन 'घरबांधणी'चा समावेश सेवेच्या व्याख्येत झाला आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही सेवा असल्याचे स्पष्ट केले. २०१० मध्ये दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, स्टिल्टखालील वाहनतळ स्वतंत्रपणे विकण्याचा अधिकार प्रवर्तकाला नाही, असा निर्णय झाला. गुरुग्राम येथील एका प्रकल्पाविषयी २ एप्रिल २०१९ रोजी दिलेल्या निकालात तर कराराची विषमताच उघड झाली. हप्ता चुकल्यास खरेदीदाराकडून १८ टक्के व्याज आणि ताबा देण्यात बिल्डर चुकल्यास त्याने ९ टक्के व्याजाने परतफेड करावी, अशी कलमे त्यात होती. असा एकतर्फी करार ही अनुचित व्यापारी प्रथा असून खरेदीदार त्याने बांधला जात नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालांनी मोठे काम केले. परंतु ते सर्व सही झाल्यानंतरचे आहे. करारावर सही होण्यापूर्वी खरेदीदाराच्या बाजूने कोणी तो मसुदा वाचला असता, तर यांपैकी काही वाद तेथेच मिटण्याची शक्यता होती. मात्र मसुदा बदलून मागणाऱ्या एकट्या खरेदीदाराला 'दुसरे गिऱ्हाईक तयार आहे' हे उत्तर मिळते, हेही विसरून चालणार नाही.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. त्याची प्रमुख कलमे १ मे २०१७ पासून लागू झाली. महाराष्ट्रात प्राधिकरणाची, म्हणजे 'महारेरा'ची, स्थापना ८ मार्च २०१७ रोजी झाली. करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई, खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात, चटई क्षेत्राची एकच व्याख्या, रचनात्मक दोषांसाठी पाच वर्षांची जबाबदारी, विलंब झाल्यास व्याज किंवा परतावा, या तरतुदी त्यात आहेत. प्रकल्पाची माहिती संकेतस्थळावर सर्वांना खुली झाली. १९६३ च्या अधिनियमाने दिलेला 'कागद' आता अधिक पूर्ण आणि सहज उपलब्ध झाला.

'माणसा'च्या बाबतीत मात्र प्रगती अपुरी राहिली. स्वतंत्र खात्यातून रक्कम काढण्यासाठी अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे लागतात. ती प्रवर्तकच मिळवतो. महाराष्ट्राच्या आदर्श करारानुसार करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि सर्व स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते. जोते खरोखर पूर्ण झाले का, हे पाहण्यासाठी खरेदीदाराचा स्वतःचा अभियंता सहसा नसतो. दलालाला नोंदणी सक्तीची झाली, खोटी माहिती देण्यास मनाई झाली, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीत मदत करण्यास बंदी आली. २०२३ मध्ये महारेराने दलालांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र बंधनकारक केले. परंतु अधिनियमाच्या व्याख्येनुसार दलाल हा 'एका व्यक्तीच्या वतीने' काम करणारा आहे. ती व्यक्ती विकणारी की घेणारी, हा भेद व्याख्येत नाही. कलम १० मध्ये नावानिशी सांगितलेल्या कर्तव्यांत आपली दलाली कोण देतो हे खरेदीदाराला सांगण्याचा समावेश नाही. अमेरिकेत १९८३ नंतर विचारला गेलेला प्रश्न आपल्या अधिनियमाने विचारलेलाच नाही.

दोन अपवाद येथे नमूद करणे उचित ठरेल. २०१८ मध्ये महारेराने सुरू केलेल्या सलोखा मंचात ग्राहक संघटना आणि विकासक संघटना यांचे प्रतिनिधी एकत्र बसू लागले. तेथे खरेदीदाराची बाजू जाणणारा माणूस प्रथमच व्यवस्थेचा भाग झाला. त्याच वर्षी दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती होऊन घर खरेदीदारांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला. धनकोंच्या समितीत त्यांच्या वतीने 'प्राधिकृत प्रतिनिधी' नेमण्याची तरतूद झाली आणि ९ ऑगस्ट २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे खरेदीदारांना कायद्याने नेमलेला प्रतिनिधी मिळतो. परंतु तो बिल्डर बुडाल्यानंतर. बुकिंगच्या दिवशी, जेव्हा त्याची खरी गरज असते, तेव्हा ती खुर्ची रिकामीच असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) १९१५ नंतरच्या सहकारी गृहनिर्माणात संस्था हीच घर घेणाऱ्यांची प्रतिनिधी होती. ओनरशिप पद्धतीने संस्था व इमारत यांचा क्रम उलटा केला आणि हे प्रतिनिधित्व व्यवहाराच्या आधीकडून नंतरकडे ढकलले गेले.

२) १९६३ आणि २०१६ या दोन्ही अधिनियमांचा भर माहितीच्या प्रकटीकरणावर आहे. माहितीचा हक्क आवश्यक आहे; परंतु ती माहिती खरेदीदाराच्या हिताने वाचणाऱ्या जाणकाराची उणीव त्याने भरून निघत नाही.

३) दलाल, बिल्डरचा सॉलिसिटर आणि कर्ज देणारी संस्था यांच्यापैकी कोणीही नव्या घराच्या व्यवहारात खरेदीदाराचा प्रतिनिधी नसतो, मग त्यांची सचोटी कितीही निःसंशय असो.

४) अमेरिकेतील अनुभव दाखवतो की, प्रतिनिधित्वाची घोषणा पुरेशी नसते. मोबदला कोण देतो आणि तो किमतीच्या टक्केवारीत आहे की ठरावीक शुल्कात, यावर निष्ठा कोणाकडे झुकते हे अवलंबून असते.

५) दलालाने आपली बाजू व आपल्या मोबदल्याचा स्रोत पहिल्या भेटीत लेखी सांगण्याचे बंधन घालणे ही आपल्याकडील सर्वांत सोपी सुधारणा ठरेल. त्याबरोबर एकाच प्रकल्पातील खरेदीदारांनी सहीपूर्वी एकत्र येऊन एक वकील व एक अभियंता ठरावीक शुल्कावर नेमल्यास १९१५ च्या सहकाराचे तत्त्व आजच्या बाजारातही उपयोगी पडू शकते.

समारोप

मुंबईच्या घरबाजाराचा शतकभराचा इतिहास हा खरेदीदाराच्या हक्कांच्या वाढीचा इतिहास आहे, यात शंका नाही. १९६० मध्ये गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागत होती. आज प्रकल्पाची माहिती मोबाइलवर पाहता येते. परंतु हक्क आणि त्याचा वापर यांच्यामध्ये जाणकार माणसाची गरज असते, हे गावदेवीच्या नोकरदारांनी ओळखले होते. स्वतः घर बांधणाऱ्याला गवंडी आपला की परका, हा प्रश्न पडत नसे. विकत घेणाऱ्याने तो प्रश्न आपल्याला घर दाखवणाऱ्या प्रत्येकाविषयी विचारला पाहिजे, आणि कायद्याने त्या प्रश्नाचे उत्तर देणे बंधनकारक केले पाहिजे.